किंडर, इंडर आणि पिसाचा मनोरा

२००० सालची गोष्ट. जर्मनीत आयटीवाले मिळेनात म्हणून चान्सलर श्रोडर यांनी फेब्रुवारीत, हॅनोवरच्या सेबिट प्रदर्शनात, जाहीर केलं की परदेशी संगणक तज्ज्ञांना 'ग्रीन कार्ड' देणार. मर्यादा वीस हजारांची. ऑगस्टपासून योजना सुरू झाली आणि आपल्यातले बरेच जण बॅगा भरून फ्रँकफर्टला उतरले. (मी तेव्हा बालवाडीतही नव्हतो, पण आमच्या टीममधल्या दोन सीनियर्सचं करिअर तिथूनच सुरू झालं.)

याच सुमारास तिथल्या एका राज्यात निवडणूक होती. विरोधी पक्षाचे उमेदवार युर्गेन रुटगर्स यांचं म्हणणं असं, की भारतीयांना आणून संगणकांसमोर बसवण्यापेक्षा आपल्याच मुलांना बसवा. त्याची लगेच घोषणा झाली, 'किंडर श्टाट इंडर', म्हणजे 'भारतीयांऐवजी मुलं'. यमक झकास जुळतं आणि वास वाईट येतो. गदारोळ झाला, ते निवडणूक हरले. पुढे २००५ मध्ये मुख्यमंत्री झाले, ते वेगळं.

आता गंमत बघा. हेच रुटगर्स १९९४ ते १९९८ या काळात केंद्रात शिक्षण आणि संशोधन मंत्री होते. आणि जर्मन मुलांचं गणित-विज्ञान कुठे आहे याचा पहिला दणका बसला तो १९९७ साली, त्यांच्याच कारकिर्दीत! 'टिम्स' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मनीची मुलं मधल्या गर्दीत निघाली. आइनस्टाइन, प्लांक, गाउसचा देश. लोकांना ते पचेना. घोषणा हलकट असली तरी तिच्या पोटातला प्रश्न खरा होता: ही मुलं तयार करणार कोण, आणि कशी? युरोपने या प्रश्नाची जी उत्तरं शोधली, ती वाचताना मला आपली प्रोजेक्ट्स फार आठवली. म्हणून हा शनिवार त्यावर.

असा घाम युरोपला आधीही एकदा फुटला होता. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि पश्चिमेकडच्या सगळ्या देशांना एकदम आपल्या शाळांची आठवण झाली. १९५९ च्या शेवटी पॅरिसजवळ रोयोमाँ इथे सोळा-सतरा देशांतले गणितज्ञ आणि शिक्षणवाले जमले. तिथे दियोदोने या फ्रेंच गणितज्ञाने सरळ मागणी केली की शाळेतून युक्लिड हद्दपार करा. त्रिकोण-बिकोण पुरे झाले, आता संच, सदिश, अमूर्त रचना शिकवा. गणितज्ञांना गणित जसं दिसतं तसंच ते मुलांनाही दिसलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. ऐकायला सुंदर. म्हणजे नवीन जॉइनीला पहिल्या दिवशी कंपायलर थिअरी समजावण्याइतकं सुंदर.

जर्मनीत हे वारं प्राथमिक शाळेत पोचलं १९७२ च्या आसपास. सहा वर्षांची मुलं रंगीत प्लास्टिकचे तुकडे घेऊन संच, उपसंच आणि छेद करायला लागली. घरी आई-बाबांना काही कळेना, तर पालकांसाठी संध्याकाळचे वर्ग निघाले! १९७४ मध्ये 'श्पीगल' साप्ताहिकाने मुखपृष्ठावरच विचारलं की संचसिद्धांताने मुलं आजारी पडतात का. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते सगळं गुपचूप गुंडाळलं गेलं. संच वाईट होते असं माझं अजिबात मत नाही. पण पुस्तक बदललं आणि ते शिकवणाऱ्या माणसाला कोणी हातच लावला नाही. मास्तर बिचारे सुट्टीत चार दिवसांचं शिबिर करून आले आणि शिकवायला लागले.

असो. परत १९९७ कडे येऊ, कारण यावेळी जर्मनीने एक शहाणपणा केला. टिम्सबरोबर एक वेगळाच अभ्यास झाला होता. जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चक्क व्हिडिओ शूटिंग. त्यात दिसलं ते असं: जर्मन शिक्षक फळ्यापाशी उभं राहून छोटे छोटे प्रश्न विचारत वर्गाला बोटाला धरून उत्तरापर्यंत नेतो. जपानी शिक्षक अवघड गणित देतो आणि मुलांना झटू देतो, मग सगळ्यांच्या पद्धती फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो. म्हणजे दोष पुस्तकात कमी आणि तासाच्या आखणीत जास्त.

मग १९९८ मध्ये 'झीनुस' सुरू झालं. (त्रिकोणमितीतल्या साइनला जर्मनमध्ये झीनुस म्हणतात. सर्दीशी संबंध नाही.) १८० शाळा, सहा-सहांचे तीस गट. नवा अभ्यासक्रम नाही, नवी पुस्तकं नाहीत. एका विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसायचं, अकरा मुद्द्यांपैकी हवे ते उचलायचे आणि स्वतःचे तास सुधारायचे. मुद्दे अगदी साधे होते: वर्गात देण्याच्या गणितांचा दर्जा, चुकांमधून शिकणं, मागे पडलेल्यांचा पाया पक्का करणं वगैरे.

'गणितांचा दर्जा' म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो. लांबी ८, रुंदी ५, क्षेत्रफळ काढा. उत्तर ४०, संपलं. आता तेच उलटं करा: क्षेत्रफळ ४० असलेले आयत काढा, सगळ्यात कमी परिमिती कोणाची? कच्चा मुलगा ४० गुणिले १ लिहितो, तेही बरोबरच. दुसरी म्हणते ८ गुणिले ५, परिमिती २६. तिसरा विचारतो, पूर्णांकच हवेत का? आणि तिथून वर्ग वर्गमुळापर्यंत पोचतो, कारण चौरस घेतला तर परिमिती साधारण २५.३ येते. एक ओळ बदलली, पण तिघांनाही काम मिळालं. अशी ओळ शिक्षकाला एकट्याने रात्री घरी बसून सुचत नाही. चार जणांनी मिळून पाहिलं की सुचते. आपण याला कोड रिव्ह्यू म्हणतो आणि त्याच्या नावाने बोटं मोडतो :)

झीनुस गाजलं नाही. गाजलं ते 'पिसा'. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेची ही चाचणी, पंधरा वर्षांच्या मुलांची. डिसेंबर २००१ मध्ये पहिला निकाल लागला. सरासरी ५०० धरलेली, जर्मनीला गणितात ४९०, विज्ञानात ४८७, वाचनात ४८४. त्याहून लाजिरवाणं म्हणजे घरची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांचं नातं जर्मनीत फारच घट्ट निघालं. तिथे दहाव्या वर्षीच, चौथीनंतर, मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. त्या वयात वाटणी झाली की कामगाराचा मुलगा कुठे जातो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. वर्तमानपत्रांनी पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावर विनोद करून घेतले. मग सरकारने दिवसभराच्या शाळांसाठी चार अब्ज युरो काढले आणि सोळाही राज्यांनी मिळून समान शैक्षणिक मानकं ठरवली. सोळा राज्यांचं एकमत, हेच मोठं.

आणि युरोपीय संघ? त्याचे हात करारानेच बांधलेले. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारानुसार शिक्षण हा ज्या त्या देशाचा विषय. ब्रसेल्सने मदत करायची, अभ्यासक्रम सांगायचा नाही. मग हातात उरतं काय? टार्गेट! मार्च २००० मध्ये लिस्बनला नेत्यांनी ठरवलं की युरोप दहा वर्षांत जगातली सगळ्यात स्पर्धाक्षम ज्ञानाधारित अर्थव्यवस्था होणार. मे २००३ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी पाच आकडे ठरवले. त्यातला एक: गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे पदवीधर २०१० पर्यंत किमान १५ टक्क्यांनी वाढवणं आणि मुलामुलींमधली तफावत कमी करणं. दुसरा: वाचनात कच्च्या असणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांचं प्रमाण एक पंचमांशाने घटवणं.

पदवीधरांचं टार्गेट दोन-तीन वर्षांतच गाठून झालं. दशक संपेपर्यंत वाढ तीस टक्क्यांच्याही पुढे गेली. उरलेली चारही टार्गेट्स हुकली. मुलींचा वाटा तिशीच्या घरातून जेमतेम हलला. शाळेतल्या कच्च्या मुलांचं प्रमाण तर मधल्या वर्षांत वाढलंच.

आमच्या एका क्लायंटला ऐंशी टक्के कोड कव्हरेज हवं होतं. महिन्याभरात मिळालं. टेस्ट्स कोड चालवत होत्या, तपासत काहीच नव्हत्या. युरोपात कोणी लबाडी केली असं मी म्हणत नाही, पदवीधर खरेच होते. पण ज्याला गणित आधीच जमतंय त्याला आणखी एका कॉलेजात बसवणं सोपं, आणि ज्याला टक्केवारी कळत नाही त्याला ती शिकवणं अवघड. दोन्ही एकाच यादीत टाकली की सोपं आधी होणार.

ब्रसेल्सला हे कळलं नाही असं नाही. फ्रान्सचे माजी पंतप्रधान मिशेल रोकार यांच्या समितीने २००७ मध्ये साफ सांगितलं की प्रश्न शाळेतल्या शिकवण्याचा आहे. मुलांना करून बघू द्या आणि शिक्षकांची जाळी विणा. उदाहरणादाखल त्यांनी झीनुस उचललं आणि दुसरं 'पोलन', युरोपातल्या बारा शहरांतलं. पोलनचं मूळ फ्रान्समध्ये. भौतिकीचे नोबेलविजेते जॉर्ज शार्पाक यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू केलं होतं, तेही साडेतीनशेच्या आत-बाहेर वर्गांपासून. नोबेल मिळाल्यावर माणूस पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर बर्फ वितळवत बसतो, याचं मला भारी कौतुक वाटतं.

२००९ मध्ये मग टार्गेट बदललं, आणि यावेळी योग्य ठिकाणी ठेवलं: वाचन, गणित, विज्ञान तिन्हींत कच्ची मुलं २०२० पर्यंत १५ टक्क्यांच्या आत. कच्चं म्हणजे किती, तर दोन रस्त्यांपैकी लांबचा कुठला किंवा ही किंमत दुसऱ्या चलनात किती हेही नीट न सांगता येणारं. २०१८ मध्ये युरोपीय संघात अशी मुलं २२-२३ टक्के होती. २०२२ मध्ये गणितात जवळजवळ ३०.

जर्मनीचा आलेख तर बघवत नाही. गणितात २००३ ला ५०३, २०१२ ला ५१४. सगळे खूश. मग २०१८ ला ५०० आणि २०२२ ला ४७५, म्हणजे 'धक्का' बसला तेव्हापेक्षाही खाली. कोविडमुळे, हे उत्तर पुरत नाही, कारण घसरण आधीच सुरू झाली होती. शिक्षकांची टंचाई आहे, घरी जर्मन न बोलणारी मुलं वाढली आहेत. पण मला एक तारीख खुपते: झीनुसचा केंद्राच्या मदतीचा टप्पा २००७ मध्ये संपला, प्राथमिक शाळांतला २०१३ मध्ये. आकडे चांगले दिसत असतानाच! कार्यकारणभाव सिद्ध करता येणार नाही, पण प्रॉडक्शन शांत दिसलं की मेंटेनन्सची टीम कमी करणारे मॅनेजर आपण पाहिलेत.

आणि ज्या 'इंडर'ची एवढी धास्ती होती त्यांचं काय? भारताने २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरवले. निकालात ७४ जणांत दोघंही तळाशी, मागे फक्त किर्गिझस्तान. प्रश्न आपल्या मुलांच्या ओळखीचे नव्हते, असं म्हणून आपण बाहेर पडलो आणि २०२२ लाही नव्हतो. फ्रँकफर्टला उतरलेले आमचे सीनियर्स हे वरचा थर होते, त्यांच्याकडे पाहून भारतातल्या वर्गांचा अंदाज बांधणं हे पदवीधर मोजण्यासारखंच. निदान जर्मनीने निकाल टेबलावर ठेवला आणि त्यावर भांडली.

जर्मनीत २०२३ पासून 'क्वामाथ' नावाचा कार्यक्रम सुरू आहे. दहा वर्षं, दहा हजार शाळांपर्यंत जायचं, आणि काम गणिताच्या शिक्षकांबरोबर. म्हणजे मोठ्या आकारातलं झीनुसच. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं पंधरा वर्षांची होतील साधारण २०३२ मध्ये. मधल्या काळात तिथे दोन-तीन तरी निवडणुका होतील.