धंदा काय लिहायचा?

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिंदी सैन्यात २५ लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांतली बहुतेक आता घरी परतणार होती. साताऱ्याकडच्या एखाद्या खेड्यातून नांगर सोडून भरती झालेला पोरगा चार वर्षांत ट्रक चालवायला, इंजिन उघडायला, वायरलेस लावायला शिकला होता. जाताना शेतकरी होता. येताना तो कोण, हे सरकारदरबारी सांगायचे कसे?

या सैनिकांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय सुरू झाले. रोजगार कार्यालयाच्या खिडकीत बसलेला कारकून विचारणार, ‘काय काम येतं?’ समोरून उत्तर येणार, ‘फिटर’. आता पुण्याच्या कारकुनाने आणि मद्रासच्या कारकुनाने त्या शब्दाचा अर्थ एकच घ्यायला हवा, नाहीतर माणूस एकीकडे आणि नोकरी भलतीकडे. या निकडीतून १९४६ साली व्यवसायांच्या वर्गीकरणाची पहिली मार्गदर्शिका निघाली. आजचे ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण’ हे तिचेच वंशज.

धंदे मोजण्याची खटपट त्याहून जुनी आहे. मराठी मुलखात सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट ही नावे गावाने आधीच ठरवून दिली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात ती सारी बलुतेदारी नांदताना दिसते. पण तिथे धंदा म्हणजे जात आणि जात म्हणजे धंदा. शिरगणतीवाल्यांची पंचाईत इथेच झाली. गिरणीत साचे चालवणाऱ्याला व्यवसाय विचारला, तर तो बापजाद्यांचा धंदा सांगून मोकळा होई. १९०१ च्या शिरगणतीत व्यवसायांचे ५२० गट होते. १९११ मध्ये झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाची आंतरराष्ट्रीय पद्धत स्वीकारली आणि ते १६९ वर आणले. देशादेशांची तुलना सोपी झाली खरी, पण एवढ्या चाळणीतून कितीतरी बारीक धंद्यांची स्वतंत्र नावे गळून गेली.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाच्या १९५८, १९६८, २००४ आणि २०१५ अशा आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या यादीशी सांधा जुळवायचा आणि इथले धंदे त्यात बसवायचे, असा हा दुहेरी उद्योग. १९६८ ते २००४ ही ३६ वर्षांची दरी मात्र फार मोठी होती. राष्ट्रीय नमुना पाहणी २००४-०५ मध्येही १९६८ च्याच यादीवर चालत होती. तोवर गल्लोगल्ली मोबाइल दुरुस्तीची दुकाने निघाली होती आणि त्या कारागिरांना मोबाइल जन्मण्याआधीच्या रकान्यांत बसवावे लागत होते. जुनी यादी सोडली की मागच्या आकड्यांशी तुलना तुटते, न सोडावी तर आजचा माणूस दिसत नाही. हा पेच प्रत्येक सुधारणेच्या मुळाशी आहे.

२००४ च्या यादीत २,९४५ व्यवसाय होते, २०१५ च्या यादीत सुमारे ३,६००. क्रमांक सहा आकड्यांवरून आठ आकड्यांवर गेला. संख्या वाढली त्याहून महत्त्वाचा बदल २००४ मध्येच झाला होता : कामाची प्रतवारी कौशल्याच्या पायरीने करायची आणि पायरी ठरवायची ती मुख्यतः शिक्षणाच्या वर्षांनी. कारागिरांची पायरी दुसरी, म्हणजे ११ ते १३ वर्षांचे शिक्षण. येवल्याच्या मागावर बसलेला पैठणीचा विणकर इथे आठवतो. पदरावरचा मोर तो सुटे रंगीत धागे हातांनी गुंतवत, एकेका ओळीने वर चढवतो. एका पैठणीला कित्येक महिने लागू शकतात. हे कसब त्याला शाळेने दिलेले नाही, बापाच्या शेजारी बसून त्याने ते उचलले. वर्गीकरणाला घरी, हाताखाली शिकलेल्या विद्येची वेगळी दखल घ्यावी लागली, ती अशा माणसांमुळे. ती घेतली नसती तर मोठाच अन्याय झाला असता.

नाव मिळाले की माणूस दिसू लागतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणे हे काम आहे, हे तिने लढून पटवले. आंतरराष्ट्रीय यादीत कचरा निवडणाऱ्यांचा स्वतंत्र गट आला तो २००८ च्या आवृत्तीत.

तरीही एक कष्टकरी बाई यादीबाहेर राहतेच. नमुना पाहणीत ९३ हा संकेतांक आहे : घरकाम सांभाळून घरच्यासाठी सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणे, शिवणटिपण करणे. रानातून आणलेली मोळी तिने बाजारात विकली तर तो धंदा, आपल्याच चुलीत घातली तर ९३. अंतर तेच, काटे तेच, डोक्यावरचे ओझे तेच. पण ९३ लागला की ती श्रमशक्तीतूनच वजा.

२६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि २०१५ ची ही यादी एकदम गावच्या सेवा केंद्रात पोचली. सोलापुरात तेंदूची पाने कात्रीने कापून, चिमूटभर तंबाखू भरून, विडी दोऱ्याने बांधणारी एखादी बाई ऑपरेटरसमोर बसते. तो विचारतो, ‘मावशी, धंदा काय लिहू?’

‘विड्या लिही. पण पानं मिळाली नाहीत की दोन घरची धुणीभांडी करते, तेही लिही.’

ऑपरेटर दुय्यम व्यवसायाचा रकाना उघडतो आणि यादीत खाली सरकू लागतो.