गुलामांसाठी कापलेले बायबल



शिबिरात मनुस्मृतीवर बोलणे झाले की एखादा पोरगा हमखास उठतो. "दादा, एकाच धर्माचे ग्रंथ का सोलता? बायबलवर का नाही बोलत?" कधी हा प्रश्न कुचकटपणे विचारलेला असतो, पण प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज बायबल, आणि त्यातही फक्त गुलामगिरी.

बायबलची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे मोशेची. मिसरमध्ये गुलाम असलेल्या इस्राएल लोकांना देव सोडवतो, फारोचे सैन्य समुद्रात बुडते. वाचताना अंगावर काटा येतो. ही सुटका 'निर्गम' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायापासून सुरू होते. आता तेच पुस्तक एकविसाव्या अध्यायावर उघडा. कालच सुटलेल्या गुलामांना देव गुलाम कसे ठेवायचे ते सांगतो आहे! मालकाने काठीने मारले आणि गुलाम जागीच मेला तर शिक्षा. एक-दोन दिवस तग धरून मेला तर शिक्षा नाही, कारण तो मालकाचाच पैसा. इस्राएली गुलाम सातव्या वर्षी सुटेल, पण मालकाने दिलेली बायको आणि तिची मुले मालकाकडेच राहतील. बायकोमुलांवर जीव आहे म्हणून तो राहतो म्हणाला, तर दाराशी उभे करून त्याचा कान टोचायचा. मग तो जन्माचा गुलाम. परक्या जमातीच्या गुलामांना तर ही सातव्या वर्षाची सूटही नाही. 'लेवीय' सांगते की ते पोराबाळांना वारसा म्हणून देता येतात. नऊ अध्यायांत देवाला मिसरचा विसर पडला.

"ते जुन्या करारात, येशूचे वेगळे," असे लगेच सांगितले जाते. बरे, शुभवर्तमाने वाचा. हंगाम नसताना फळे दिली नाहीत म्हणून येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो. गुलामगिरीला मात्र त्याने एकदाही शाप दिल्याचे सापडत नाही. पौल तर इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात दासांना सरळ सांगतो की ख्रिस्ताची आज्ञा पाळावी तशी मालकाची पाळा, भीत कापत पाळा.

अमेरिकेतल्या मळेवाल्यांना मात्र सगळ्यात जास्त कामी आला तो नोहा. 'उत्पत्ती'च्या नवव्या अध्यायात म्हातारा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडतो. मुलगा हाम त्याला पाहतो. शुद्धीवर आल्यावर म्हातारा शाप देतो तो हामला नाही, हामच्या मुलाला, कनानला: तू भावांच्या दासांचा दास होशील. प्यायला आजोबा, पाहिले बापाने, गुलाम झाला नातू. या कथेत कातडीच्या रंगाचा एक शब्दही नाही. तरीही काळे लोक हामचे वंशज आणि म्हणून जन्माने गुलाम, हे शतकानुशतके प्रवचनांतून सांगितले गेले. 'पायापासून जन्मले' ही गोष्ट ऐकत आलेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको.

एवढे सगळे सोयीचे असूनही मालकांना हे पुस्तक पूर्ण देण्याची भीती वाटत होती. 1807 साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. प्रोटेस्टंट बायबलचे 1189 अध्याय. त्यांतले 232च या पुस्तकात राहिले. मोशेने लोकांना सोडवले तो भाग गायब. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात उरत नाही, हे गलतीकरांच्या पत्रातले वाक्य गायब. विकला जाऊनही इमानाने राबणारा योसेफ मात्र ठेवला. पौलाची आज्ञाही ठेवली. तीनच वर्षांपूर्वी, 1804 मध्ये, हैतीच्या गुलामांनी बंड जिंकून स्वतःचे राष्ट्र उभे केले होते, हे लक्षात घेतले की ही कात्री समजते. या पुस्तकाची एक प्रत आज फिस्क विद्यापीठात आहे. गुलामांच्या सुटकेनंतर त्यांच्याच शिक्षणासाठी हे विद्यापीठ निघाले.

चर्च फक्त उपदेश करत होते असेही नाही. बार्बाडोसचा कॉड्रिंग्टन मळा इंग्लंडच्या चर्चच्या धर्मप्रसार संस्थेच्या मालकीचा होता. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' असे डागले जाई. चर्चने याबद्दल माफी मागितली 2006 मध्ये.

आता दुसरी बाजू. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या अनेकांच्या हातातही बायबलच होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणा होईल. ज्या अमेरिकन लोकांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांनाच जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली. पण वाद ग्रंथातून सुटला का? दोन्ही बाजू वचने काढत राहिल्या. गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेत दक्षिणेतले बॅप्टिस्ट 1845 मध्ये वेगळे झाले, आणि खरे सांगायचे तर नुसत्या वचनांच्या हिशेबात त्यांचे पारडे हलके नव्हते. निकाल लागला 1861 ते 1865 च्या युद्धात आणि तेराव्या घटनादुरुस्तीने. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेब शास्त्रांबद्दल हेच म्हणतात: नवा अर्थ लावत बसू नका, शास्त्राचे पावित्र्यच नाकारा. आपले काही मित्र अजूनही "मूळ ग्रंथात तसे नव्हतेच हो" या वाटेने जातात. त्यांनी ही अमेरिकन चर्चा जरूर वाचावी.

हॉवर्ड थर्मन या काळ्या धर्मचिंतकाने आपल्या आजीबद्दल लिहून ठेवले आहे. ती गुलामगिरीत जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी. लहानपणी तो तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे; प्रेमावरचा एक अध्याय तेवढा कधीमधी चाले. पुष्कळ वर्षांनी त्याने धीर करून कारण विचारले. ती म्हणाली, मळ्यावर मालकाचा गोरा पाद्री येई आणि दर वेळी पौलाचेच काढी, मालकाची आज्ञा पाळा. तेव्हाच तिने ठरवले होते की कधी वाचायला शिकले आणि कधी सुटका झाली, तर हा भाग वाचणार नाही. सुटका झाली. वाचायला ती कधीच शिकली नाही, पण नातू वाचत असताना कोणते पान उलटायचे ते तीच सांगत असे.