तीन आवरणे आणि वाटीभर पाणी

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती बसायला आठवडा होता. माझ्या बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला सडकून ताप भरला. दुसऱ्या दिवशी त्याची मान पुढे वाकेना, उजेड सहन होईना. डॉक्टरांना मेंदूज्वराचा संशय आला. अंदाजाने औषध सुरू करून त्यांनी सांगितले की, पाठीच्या कण्यातून थोडे पाणी काढून तपासावे लागेल. संमतीपत्र माझ्या हातात दिले, कारण मेहुणे बाहेरगावी होते.

आमची आत्या म्हणाली, "सही करू नकोस रे. पाठीतलं पाणी काढलं की माणूस जन्माचा लुळा पडतो." मी डिप्लोमा झालेला, सरकारी नोकरीतला, घरात शिकलेला समजला जाणारा. पण मला उत्तर देता आले नाही. दुपारी मिळालेल्या कागदावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. मी पाणीपुरवठा खात्यात उपयंत्री आहे. दाब, पातळी, आवक-जावक हे माझे रोजचे काम. तेव्हा हे पाणी आहे तरी काय, याचा शोध घ्यायचा असे मी ठरवले. त्याचा इतिहास फार जुना निघाला.

१८६२ मध्ये इजिप्तच्या लक्सर येथे एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. ती इ.स.पू. १६०० च्या सुमाराची असून मूळ मजकूर त्याहूनही जुना मानतात. जखमांवरील उपचारांच्या या ग्रंथात, कवटी फुटल्यावर दिसणारे मेंदूचे आवरण आणि आतले पाणी यांचा उल्लेख आहे. म्हणजे माणसाने हे पाणी पाहिले होते, पण ते पुढे विसरले गेले.

दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन याने मेंदूच्या आवरणांचे वर्णन केले. मात्र मेंदूतील पोकळ्यांत एक सूक्ष्म प्राणवायू खेळतो, असे त्याचे मत होते. युरोपात ते मत हजारभर वर्षे टिकले.

आवरणांच्या नावांची कथा तर मला फारच आवडली. दहाव्या शतकात अली इब्न अब्बास अल-मजूसी या इराणी वैद्याने अरबी भाषेत मोठा वैद्यकग्रंथ लिहिला. मेंदूला वेढणाऱ्या आवरणांना अरबीत 'आई' म्हणत: एक जाड आई, एक पातळ आई. ११२७ मध्ये अँटिऑकच्या स्टीफनने या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले. त्यात जाड आई झाली 'ड्यूरा मेटर', म्हणजे कठोर माता, आणि पातळ आई झाली 'पाया मेटर', म्हणजे मायाळू माता. आजही जगभरचे डॉक्टर हीच नावे वापरतात. दोघींच्या मधल्या तिसऱ्या आवरणाला सतराव्या शतकात वेगळे नाव मिळाले. ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते, म्हणून 'अ‍ॅरॅक्नॉइड'. मराठीत आपण त्याला जालतानिका म्हणतो.

हे जाळे आणि मायाळू माता यांच्यामध्ये पाणी असते. मग ते इतकी शतके कोणाला दिसले कसे नाही? कारण साधे आहे. शवविच्छेदन करताना आधी मुंडके वेगळे करत आणि पाणी वाहून जाई. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या तरुण डॉक्टरने ही चूक ओळखली. त्याने मुंडके न कापता, शव उभे ठेवून कमरेपाशी छिद्र पाडले आणि पाणी बाहेर आले. हे त्याने १७६४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे फ्रान्सच्या माजांदी याने १८२५ पासून जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की, हे पाणी मृत्यूनंतर साचलेले नसून जिवंतपणीही असते.

आता आमच्या खात्याचा हिशेब. मोठ्या माणसात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे एक लहान वाटीभर असते. पण रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते आणि तितकेच रक्तात शोषले जाते. दिवसातून तीन-चार वेळा टाकी बदलते म्हणा ना! साधारण १४०० ग्रॅमचा मेंदू या पाण्यात तरंगतो आणि त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका उरतो. तान्ह्या बाळाची टाळू भरताना आजीच्या बोटाखाली हाड नसते. कातडीखाली असतात त्या या माता आणि हे पाणी. जुलाबात टाळू खोल जाते आणि मेंदूज्वरात फुगून ताठ होते.

१८९१ मध्ये जर्मनीतील कील येथील क्विंके याने कमरेच्या मणक्यांमधून पोकळ सुई घालून हे पाणी काढण्याची रीत सांगितली आणि नळी लावून त्याचा दाबही मोजला. त्याच गावात १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर याने याच पाण्यात भुलीचे औषध सोडले. स्वतःवर प्रयोग करून घेताना त्याचे बरेच पाणी गळले आणि कित्येक दिवस त्याचे डोके दुखत राहिले. तेव्हा त्रास मुळीच होत नाही असे नाही. पण मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. काढलेले चमचाभर पाणी काही तासांत भरून येते. सिझेरियनच्या वेळी सुना-लेकींना पाठीत जे इंजेक्शन देतात, ते याच पाण्यात. आत्याच्या सुनेलाही दिले होते, तेव्हा कोणी घाबरले नव्हते.

त्या सकाळी काढलेले पाणी गढूळ होते. तपासणीत जंतू कळला, त्यावरचे नेमके औषध मिळाले आणि भाचा वाचला. पण डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. विलंबामुळेच असे झाले, हे डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. मीही कधी विचारले नाही.

आज तो सोळा वर्षांचा आहे. मंडळाच्या आरतीत झांज वाजवतो आणि ढोलकी उजव्या बाजूला येईल असा उभा राहतो. ते पाहिले की मला तो कागद आठवतो. वाचकहो, कोणावर अशी वेळ न येवो. पण आलीच तर डॉक्टरांना मनातले सगळे प्रश्न विचारा. डोक्यातला दाब फार वाढलेला असेल तर सुई घालण्याआधी ते स्वतःच थांबतील. पण केवळ ऐकीव भीतीपायी रात्र घालवू नका.