कळण्याची भाकरी

पौष्टिक जेवणाचा विषय निघाला की हल्ली ओट्स, किनोआ अशी नावं ऐकू येतात. आम्हा खानदेशी माणसांना मात्र कळणा आठवतो. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद आणि चवीपुरतं मीठ एकत्र दळलं की झाला कळणा. ज्वारीत लायसिन कमी, ते उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ती उणीव ज्वारी काही अंशी भरून काढते. जळगाव-धुळ्याच्या बायकांनी हे शास्त्र न शिकताच जमवलं. खरिपात दोन्ही धान्यं घरच्याच शेतात येत.

मग ही भाकरी मागे का पडली? १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला भाव आला आणि खानदेशात कपाशी पसरली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली. पुढे गव्हाची पोळी प्रतिष्ठेची आणि भाकरी गरिबाची ठरली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा ज्वारीला पुन्हा मान मिळाला. पीठ आता पाकिटातही मिळतं, पण भाकरी थापायला कोणीतरी शिकवावंच लागतं. तेव्हा सुटीत नातवंडं आली की त्यांना परातीपाशी बसवा. सोबत ठेचा, कांदा आणि भरीत हवंच!