मिरची चुलीपाशी, कंद कुंडीत

मिरची हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की तो मिरीवरून आलाय हे ध्यानातही येत नाही. मरीच म्हणजे काळी मिरी. नवं तिखट आलं तेव्हा लोकांनी त्याला जुन्याच तिखटाचं नाव दिलं, आणि आज मिरीच बिचारी डब्याच्या कोपऱ्यात बसलीय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात खाण्याचे कितीतरी पदार्थ आहेत. तिखटाला मिरी आहे, आलं आहे, पण मिरची नाही. असणार कुठून? तिचं माहेर समुद्रापलीकडे, मेक्सिकोच्या बाजूला. १४९२ मध्ये कोलंबस निघाला तो मिरीच्या आणि मसाल्यांच्या शोधात, हाती लागली मिरची. पुढे १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं, आणि त्या शतकात मिरची आपल्याकडे रुजली.

गंमत बघा. १५४२ मध्ये लेओनहार्ट फुक्स नावाच्या जर्मन वैद्याने वनस्पतींचा मोठा ग्रंथ छापला. त्यात मिरचीचं चित्र आहे आणि नाव दिलंय ‘कालिकतची मिरी’! ती हिंदुस्थानातलीच, असा त्याचा समज. तिकडे ती लोक मातीच्या कुंड्यांत लावतात, असंही त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे खिडकीतली मिरचीची कुंडी ही काही आपल्या फ्लॅटच्या जमान्याची टूम नाही, पावणेपाचशे वर्षांची रीत आहे.

त्याच वाटेने बटाटा आला, भुईमूग आला. आपल्या जैन स्वयंपाकघराने मात्र सगळ्यांना सारखं घेतलं नाही. मिरची चुलीपाशी बसली. भुईमूग मातीखाली वाढतो, पण ती शेंग, कंद नव्हे, म्हणून तोही आला. बटाटा उंबऱ्याबाहेर थांबला. एका कंदात अनंत जीव, ही आपली जुनी शिकवण. पाहुणा कुठल्या देशाचा, हे कुणी विचारलं नाही. जीव कुठे किती, एवढंच विचारलं. आणि मला वाटतं, मिरचीचा आपल्या बायकांना जरा जास्तच आधार झाला. कांदा नाही, लसूण नाही, ओलं आलं नाही. सुंठ, मिरी, पिंपळी होती, पण सगळी वाळलेली. ताजं, हिरवं आणि जमिनीच्या वर वाढणारं तिखट मिळालं ते मिरचीमुळेच.

निशिगंधही मेक्सिकोचाच. आपण गुलछडी म्हणतो. इथे आदिलाबादेत तेलुगू शेजारणी नेल संपंगी म्हणतात, म्हणजे भुईवरचा चाफा. गावातल्या माणसांचंही असंच आहे. पैनगंगेच्या अलीकडचा हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये किनवट, राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. दारात तेलुगू, घरात मराठी.

इथली हवा कुंडीला सोपी नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, थंडीत दहाच्या खाली. म्हणून दोन्ही टोकांना कुंड्या घरात येतात. मिरचीला चार-पाच तास ऊन मिळेल अशी खिडकी हवी. घरात वारा नाही, मधमाशी नाही, तेव्हा फूल आलं की फांदीला बोटाने हलकी टिचकी द्यायची, मिरची धरते. फार उकाडा झाला तर फूल गळतं, त्याला इलाज नाही. पानं चुरडली की बाजारातलं औषध मारा म्हणतात. किडे मारायला माझा हात होत नाही. त्यापेक्षा कुंड्यांची दाटी करू नये, पाणी साचू देऊ नये, पानं खालून-वरून पाण्याने धुवावीत. निशिगंधाचं याहून सोपं. थंडीत पानं पिवळी पडली की पाणी कमी करायचं, कुंडी कोपऱ्यात कोरडी ठेवायची. मेला नाही, निजलाय. मार्चमध्ये पाणी द्या, पावसाळ्यात दांडा येतो. मे फ्लॉवरचा कंद तर पानांच्या आधी फूलच वर काढतो.

आता खरा प्रश्न. कॉलेजात जाणाऱ्या भाचीने मला विचारलं, “मामी, कंद खात नाही, मग कंद लावता कसा?” चांगला प्रश्न आहे. नियम खाण्याचा आहे, असं म्हणून मोकळं होता येतं. पण श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडही आहे: विनाकारण हिंसा नको. माती उकरायची, कंद फोडायचे, तेही नुसत्या शोभेसाठी? सासूबाई म्हणायच्या, कंद तो कंदच. त्यांनी कधी लावला नाही, पण मी लावलेला कधी उपटायलाही सांगितला नाही.

मी माझ्यापुरतं असं ठरवलंय. विकतचे नवे कंद आणायचे नाहीत. आहेत ते सुरीने कापायचे नाहीत. कुंडी भरून गेली की जे हाताने आपोआप सुटतात तेवढेच दुसऱ्या मातीत ठेवायचे, नाहीतर कुणाला द्यायचे. कंद चुलीवर गेला की संपला, कुंडीत राहिला की दरवर्षी उठतो. एवढा फरक मला पुरतो. भाचीला पुरला नाही. ती म्हणते, मग जाई लावा की! तिचंही खोटं नाही. माझ्याकडून गेलेल्या कंदांपैकी दोन किनवटला नणंदेच्या अंगणात आहेत, आणि मिरचीचं बी मात्र भाची दरवर्षी मागून नेते.