नखुरडे : सुश्रुतापासून पिंपरीपर्यंत
मुलाच्या अंगठ्याचे नख कडेच्या मांसात रुतले, की लाली, सूज व ठणका येतो. पुढे पू धरतो. नखालगत पिकणाऱ्या अशा विकारास सुश्रुतसंहितेत ‘चिप्प’ म्हटले असून, गरम पाण्याने शेकून, छेद देऊन स्राव काढण्याचा उपचार सांगितला आहे. संसर्ग रक्तात पसरल्यास मात्र वैद्य हतबल होई.

पेनिसिलिनने हे चित्र पालटले. आरंभी ते प्रामुख्याने आयात होई. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून ते बनू लागले.

तरीही रुतलेली कड प्रतिजैविकाने सुटत नाही. कोमट पाण्याचा शेक, सैल पादत्राणे व पुढे नखे सरळ कापणे, हाच मूळ उपाय. पू वा ताप दिसताच मात्र डॉक्टरांकडे जावे.