खाज, सर्दी, बोट लागणं, झोप : अ‍ॅलर्जीचं सिरप नेमकं कशावर चालतं?

अलिबाग असो, मुरुड असो की श्रीवर्धन, किनाऱ्यावरच्या अनेक घरांत फ्रीजच्या दारात एक अर्धवट भरलेली बाटली असते. कोणी तिला 'खाजेचं औषध' म्हणतं, कोणी 'सर्दीचं'. मासे खाऊन अंगावर गांधी उठल्या की एक चमचा, पावसाळ्यात शिंका सुरू झाल्या की एक चमचा, पोर रात्री झोपत नसेल तरी एक चमचा. या बाटलीत बहुतेक वेळा अँटीहिस्टामाइन असतं. औषध चांगलं आहे आणि जुनंही आहे. पण वरच्या तीन कारणांपैकी एकासाठी ते द्यायचंच नसतं, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला त्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

<b>हे औषध करतं काय?</b>

आपल्या शरीरातल्या काही पेशींमध्ये हिस्टामाइन नावाचं रसायन साठवलेलं असतं. धूळ, बुरशी, कोळंबी असं काही शरीराला 'शत्रू' वाटलं की ते बाहेर पडतं. मग नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, अंगावर पित्त उठतं. (हे पित्त पोटातलं नव्हे. त्यामुळे अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन ते बसत नाही. आमसुलाच्या पाण्याने त्वचेला गार वाटतं, पण आतली प्रक्रिया सुरूच राहते.) अँटीहिस्टामाइन हे हिस्टामाइन नष्ट करत नाही. ते ज्या जागी जाऊन बसतं, ती जागा अडवून ठेवतं.

या औषधांच्या दोन पिढ्या आहेत. क्लोरफेनिरामाइन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामाइन, हायड्रॉक्सिझिन ही जुनी. ती मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी येते आणि तोंड कोरडं पडतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यांवरचा ताण वाढू शकतो. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नवी. ती मेंदूत फारशी जात नाहीत. तरीही सेटिरिझिनने काहींना झोप येतेच. ते घेऊन मुंबई-गोवा महामार्गावर गाडी चालवणं किंवा नौकेवर जाळं ओढायला जाणं टाळावं. वर दारू घेतली तर गुंगी आणखी वाढते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सेटिरिझिनचा डोस डॉक्टर कमी करतात, त्यामुळे आधी सांगा.

<b>बांगडा 'बाधला' तर ती अ‍ॅलर्जीच असते का?</b>

नेहमी नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं. बांगडा, कुपा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा पकडल्यावर वेळेत बर्फात गेला नाही की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. म्हणजे जे रसायन अ‍ॅलर्जीत आपलं शरीर सोडतं, तेच इथे ताटातून पोटात जातं. काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, अंगावर चट्टे येतात. तळून किंवा उकळून हिस्टामाइन जात नाही आणि मासा दिसायला ठीकही असू शकतो.

अशा वेळी अँटीहिस्टामाइनने बहुतेकांना आराम पडतो. फरक ओळखायची एक खूण म्हणजे एकाच ताटातला मासा खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होतो, आणि पुढच्या वेळी ताजा बांगडा खाल्ला तर काहीच होत नाही. कोळंबी किंवा खेकडा दर वेळी बाधत असेल, तर मात्र ती खरी अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा 'आधी खाऊ, मग सिरप घेऊ' हा हिशेब महागात पडतो.

कारण खऱ्या अ‍ॅलर्जीचा झटका मोठा असेल तर घसा आवळतो, ओठ-जीभ सुजते, श्वास घेताना आवाज येतो, रक्तदाब कोसळतो. यावर अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. सिरपने बंद होणारी श्वासनलिका उघडत नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

विंचवाचंही तसंच. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, फुफ्फुसात पाणी हे सगळं विषामुळे होतं, अ‍ॅलर्जीमुळे नाही. याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू किती खाली आणता येतात ते जगाला दाखवलं. अशा रुग्णाला घरी खाजेचं औषध पाजून वाट बघत बसू नये.

<b>बोट लागते तेव्हा?</b>

मांडवा ते गेटवे प्रवासात ज्यांना बोट लागते, त्यांना प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेट उपयोगी पडतं, पण निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतलं तर. ओकारी सुरू झाल्यावर पाजलेलं बाहेरच येतं. इथे जुनीच पिढी चालते, कारण परिणाम मेंदूत हवा असतो. घरात सेटिरिझिन आहे म्हणून तेच दिलं, तर बोट लागायची ती लागतेच. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये. त्याने श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

<b>लहान मुलं आणि सर्दीची बाटली</b>

सर्दीच्या सिरपमध्ये बहुधा एकटं अँटीहिस्टामाइन नसतं. क्लोरफेनिरामाइनबरोबर नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं, कधी पॅरासिटामॉलही. म्हणजे तापाचं वेगळं औषध दिलं की पॅरासिटामॉल दोनदा जातं आणि घरच्यांना पत्ताही नसतो.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये तशी अधिसूचनाही निघाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आणखी स्पष्ट सांगितलं : २ वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि ५ वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत. मुलांची साधी सर्दी बहुतेकदा आपोआप बरी होते, औषधाने ती लवकर जात नाही.

दुसरी गडबड मापाची. ज्या ड्रॉप्सबद्दल २०२३ चा इशारा होता, त्यांच्या १ मिलीमध्ये २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन असतं. सिरपमध्ये तेवढंच औषध बऱ्याचदा ५ मिलीत पसरलेलं असतं. ड्रॉप्सची बाटली घेऊन सिरपच्या मापाने पाजलं, तर थेट पाचपट डोस जातो. सेटिरिझिन साधारण ५ मिलीत ५ मिलिग्रॅम असतं आणि लिव्होसेटिरिझिन ५ मिलीत २.५. आकडा निम्मा दिसला म्हणून डोस दुप्पट करायचा नसतो, दोन्हींचं काम बरोबरीचं आहे. चहाचा चमचा तर मापाला घेऊच नका. बाटलीबरोबरचं झाकण किंवा सिरिंज वापरा. आणि ब्रँडच्या नावावर जाऊ नका. एकाच नावापुढे एखादं अक्षर वाढलं की आतलं औषध बदलतं.

मूल झोपावं म्हणून हे सिरप देणं हा सगळ्यात वाईट वापर. काही मुलं गुंगण्याऐवजी उलट चिडचिडी होतात, आणि डोस जास्त झाला तर झटकेही येऊ शकतात. भूक वाढवायला म्हणून मिळणाऱ्या अनेक सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं, तेही जुन्या पिढीतलं अँटीहिस्टामाइनच. ते टॉनिक नाही.

मोठ्यांसाठी एक नवी माहिती. रोज अनेक महिने सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन घेऊन एकदम बंद केलं, तर क्वचित काहींना भयंकर खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. असं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते औषध हळूहळू कमी करतात.

<b>बाटलीत भलतंच काही असेल तर?</b>

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं ज्या 'कोल्ड्रिफ' सिरपने दगावली, त्यात क्लोरफेनिरामाइन होतंच. पण जीव घेतला तो डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकाने. एसआर-१३ या बॅचमध्ये ते ४८.६ टक्के सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. यातली अनेक मुलं उपचारांसाठी नागपुरात आणली होती. महाराष्ट्राला हे विष नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि न्या. लेंटिन आयोग बसला होता.

हे विष चवीने किंवा वासाने घरी ओळखता येत नाही. सिरप घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, सतत उलट्या होऊ लागल्या, तर बाटली घेऊनच रुग्णालयात जा, फेकून देऊ नका. औषध घेताना बिल मागा, त्यावर बॅच क्रमांक असतो. संशय आल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक आहे १८००-२२२-३६५.